तिसरं नको

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की धर्माजीने लपवलं. शहरियार इराण्याचा मुलगा गेला, त्यात माझ्या एका वाक्याचा वाटा आहे. कागदावर कोरोना लिहिलंय आणि ते काही खोटं नाही. पण ते वाक्य मी बोललो होतो, त्याच्याच बेकरीच्या बाकड्यावर बसून, त्याचाच पाव चहात बुडवत. शहरियारच्या मनात त्याबद्दल माझ्यावर राग आहे का, एवढं एकच मला गेली पाच वर्षं जाणून घ्यायचं होतं. बाकी माझं सगळं झालंय, मुलं मार्गी लागलीत, पेन्शन येते.

मी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी मुरुड-माणगाव गाडीवर. कंडक्टरचा खाक्या तुम्हाला ठाऊक असेल. "कुठं जायचं?" एकदा विचारायचं, एकदा ऐकायचं, तिकीट फाडायचं. दुसऱ्यांदा विचारावं लागलं की माझं डोकं फिरायचं. बायको, काशी तिचं नाव, म्हणते की घरातही तुम्ही तिकीटच फाडता. म्हणू दे.

आणि अशा माणसाची दोस्ती कोणाशी व्हावी, तर शहरियारशी! त्याचे आजोबा इराणातल्या यझदजवळच्या कुठल्याशा खेड्यातून आले. आधी मुंबईत एका हॉटेलात कपबश्या विसळल्या, मग मुरुडला येऊन भट्टी घातली. ही माणसं जरथुश्ती, अग्नीला मानणारी. शहरियार आजही भट्टी पेटवताना डोक्यावर टोपी घालतो. भट्टीत कचरा टाकू देत नाही. एकदा मी विडीचं थोटूक आत भिरकावलं तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. एरवी माणूस म्हणजे लोणी. कोळणींशी हाय-न्हाय करत बोलतो, मोहल्ल्यातल्या लोकांशी उर्दूत, घरात त्यांची ती इराणची भाषा.

त्या भाषेतला एक शब्द मला त्याने शिकवला, तारोफ. म्हणजे अदब म्हणा, पण साधीसुधी नव्हे. समोरच्याने काही देऊ केलं तर आधी नको म्हणायचं. पुन्हा विचारलं तर पुन्हा नको. पहिली दोन नको ही नुसती रीत. तिसऱ्यांदा विचारल्यावर जे तोंडातून येईल ते खरं. आणि विचारणाऱ्यानेही तीनदा विचारायचं, नाहीतर तो माणूस कसला! आमच्यातही पंगतीत आग्रह करतात, नाही असं नाही. पण आमचा आग्रह जिलेबीपुरता. यांचा जन्मभर, आणि घरातल्या घरातही.

पहिल्यांदा मी त्याला घरी जेवायला बोलावला तेव्हाची गंमत सांगतो. सुरमईचं कालवण होतं. म्हटलं, वाढू का? म्हणाला, नको. म्हटलं, बरं. आणि मी जेवायला बसलो. बिचारा समोर बसून माझ्याशी गप्पा मारत राहिला आणि उपाशी घरी गेला! दुसऱ्या दिवशी गुलचेहरवहिनींनी, त्याच्या बायकोने, काशीला सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. मी त्याला झापला. "अरे रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि तू माझ्या घरात बसून नको-नको करतोस?" तो हसला. पुढं पंचवीस वर्षं मी त्याची यावरून टर उडवली. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा उडवली.

त्याला दोन मुलं. थोरला अर्दशीर आणि बारा-तेरा वर्षांनी झालेली फरंगीस. दोघांनाही बापाने हेच बाळकडू पाजलं. अर्दशीर सहा वर्षांचा असताना पडून कोपर फुटलं, रक्त गळतंय, आणि डॉक्टर विचारतात दुखतंय का, तर हा म्हणतो, "नाही, तुम्ही आधी त्या आजींना बघा." बाप कोण खूश! मुरुडभर सांगत फिरला. मलाही तेव्हा कौतुकच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

अर्दशीर शिकला, पुण्याला एका कंपनीत लागला. लॉकडाऊन लागलं तेव्हा तो तिकडेच अडकला. मग वीसच्या जूनमध्ये ते चक्रीवादळ आलं. बेकरीचे पत्रे उडून पार मागच्या वाडीत गेले, नारळ आडवे झाले, दिवसेंदिवस लाइट नाही, फोन नाही. फोन लागला तेव्हा मी तिथंच होतो. डोक्यावर आभाळ उघडं, भट्टीत पाणी, आणि हा बाबा फोनवर सांगतोय, "सगळं ठीक आहे, तू येऊ नको." पोराने पुन्हा विचारलं. "नको, रस्ते बंद आहेत." पोराने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा शहरियारच्या तोंडून शब्द फुटेना. अर्दशीर मदतीच्या ट्रकमध्ये ताडपत्र्यांवर बसून माणगावपर्यंत आला, तिथून दुधाच्या टेम्पोने घरी. महिनाभर राहिला. छपरावर चढून पत्रे ठोकायचा आणि खाली बसून मी त्याला अक्कल शिकवायचो, डावीकडचा खिळा वाकडा गेलाय म्हणून. गुणी पोरगा होता हो. जाताना माझ्या पाया पडला.

एकवीसच्या एप्रिलात दुसरी लाट आली. एका सोमवारी अर्दशीरचा फोन आला, ताप आहे म्हणून. शहरियार म्हणाला, "मी येतो." "नको बाबा, साधा ताप आहे." मंगळवारी पुन्हा विचारलं. "नको बाबा, जिल्ह्याबाहेर यायला पास लागतो, तुम्हाला दमा आहे, उगीच त्रास." शहरियारने तरी पासचा अर्ज भरून ठेवला होता. गावात भाड्याने गाडी चालवणाऱ्या निकेशलाही सांगून ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मी पावाला गेलो. दुकान अर्धं शटर लावून चालायचं तेव्हा. शहरियार फोन हातात घेऊन बसला होता. म्हणाला, "दोनदा नको म्हणालाय. आता तिसऱ्यांदा विचारतो."

आणि मी बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! मी म्हणालो, "अरे चोवीस वर्षांचा घोडा झालाय तो. नको म्हणतोय ना? मग नको. सारखं विचारून विचारून त्याला कुकुलं बाळ करून ठेवू नकोस. आयुष्यात एकदा तरी पोराच्या शब्दावर विश्वास ठेव."

शहरियार माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खरं आहे तुझं. मोठा झालाय तो." फोन खिशात ठेवला. संध्याकाळी नुसता मेसेज पाठवला, गरम पाणी पी, काळजी घे.

गुरुवारी अर्दशीरचा मेसेज आला, बरा आहे. शुक्रवारी सकाळी फोन आला तो प्रज्योतचा, त्याच्या ऑफिसातल्या मित्राचा. ऑक्सिजन खाली गेलाय, ॲम्ब्युलन्समध्ये घालून बेड शोधतोय, या म्हणाला. निकेशने गाडी काढली. माणगावला पोलिसांनी अडवलं, पास दाखवला, ताम्हिणी घाटातून गेले. पोचले तोवर बेड मिळाला होता, पण आत सोडेनात. शनिवारी सकाळी अर्दशीर गेला. बापाने त्याला बघितलं ते बांधलेल्या पिशवीत.

यांच्यात अग्नी पवित्र, त्याला मढं शिवू द्यायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. पण कोरोनाचं प्रेत, कोण ऐकतो? विद्युतदाहिनीत दिलं. परत आल्यावर शहरियार मला म्हणाला, "धर्मा, जन्मभर आगीची इज्जत केली रे मी. तिच्यातच पोरगा घालावा लागला." रडला नाही. माझ्यासमोर तो रडला नाही, तेव्हाही नाही आणि पुढं पाच वर्षंही नाही. दीड महिना भट्टी थंड होती.

त्याच दीड महिन्यात प्रज्योत अर्दशीरचं सामान घेऊन आला. ओटीवर आम्ही तिघं होतो. प्रज्योत म्हणाला, "काका, एक सांगू का? बुधवारीच त्याला दम लागत होता. मी म्हटलं, मुरुडला फोन लावू. तर म्हणाला, थांब. आज बाबांचा फोन येईल. आज विचारलं की हो म्हणतो. रात्र झाली तरी फोन उशाशीच होता. तुमचा मेसेज आला, तो वाचला, आणि म्हणाला, असू दे, दमले असतील."

त्या पोराला काय माहीत तो कोणासमोर काय बोलतोय. शहरियारने माझ्याकडे बघितलं नाही, एवढं मला आठवतं. मी उठून घरी आलो. पोराने बापाचं नको मानलं नाही, ट्रकवर बसून आला. बापाने पोराचं नको मानलं, ते माझं ऐकून.

चाळीस दिवस झाल्यावर मी धीर करून त्याच्याकडे गेलो. म्हटलं, शहरियार, माझ्यामुळे झालं का रे? तुझा राग आहे का माझ्यावर? तो म्हणाला, "छे रे, तुझी काय चूक? असं मनात आणू नको." आणि चहा सांगितला. चहा पिऊन मी घरी आलो. पायरीवर चप्पल काढताना माझ्या लक्षात आलं की हे तर त्याचं पहिलं नको आहे.

आता फरंगीसचं सांगतो. तेव्हा ती अकरा वर्षांची, शाळा फोनवर. घरात रेंज नाही म्हणून बेकरीच्या गल्ल्याशेजारी बसायची. भट्टी पुन्हा पेटली त्याच्या आसपासची गोष्ट. मॅडम फोनवर विचारत होत्या, "फरंगीस, समजलं?" "हो मॅडम, समजलं." "नक्की?" "हो मॅडम, थँक्यू." शहरियारने सहज वही ओढली आणि त्यातलंच एक गणित घातलं. पोरीला येईना. दुसरं घातलं, तेही येईना. वर्षभराचे अपूर्णांक तिला अजिबात कळलेले नव्हते.

"मग विचारलं का नाहीस?"

"मॅडमना त्रास कशाला? त्या दोनदाच विचारतात."

शहरियारच्या हातात पावाचा गरम ट्रे होता. तो त्याने खाली ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसला, पिठात. मी बाकड्यावर होतो. मला उठून त्याला धरावंसं वाटलं, पण माझी जागा मला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याने एक नवंच सुरू केलं. दुपारी चारला पाव निघाले की फरंगीसला समोर उभी करायचा. "म्हण, मला समजलं नाही." ती पुटपुटायची. "मोठ्याने म्हण." ती म्हणायची. "म्हण, मला भूक लागली. म्हण, मला दुखतंय. म्हण, मला पाहिजे." पाव घ्यायला आलेली माणसं हसायची. आवडाबाई कोळीण तर टोपली खाली ठेवून ओरडायची, "अगो, जोरात बोल, मी बाजारात बोलतंय तशी!" आणि पोरगी लाजून लाल. गुलचेहरवहिनी एक दिवस आतून तरातरा आल्या. मुलगा गेल्यापासून त्या फारशा बाहेर येत नव्हत्या. म्हणाल्या, "पोरीला बेशरम बनवणार आहात का?"

शहरियार म्हणाला, "होऊ दे बेशरम. जिवंत राहू दे."

वहिनी पडद्याआड गेल्या. त्यांचा हुंदका मला बाहेर ऐकू आला.

पण माणूस एका टोकावरून सुटला की दुसरं टोक गाठतो. शहरियारचा कोणाच्याच नाहीवर विश्वास राहिला नाही. पोरगी शिंकली तरी, "बरी आहेस? खरंच? मला खरं सांग." दिवसातून पन्नास वेळा. शाळा उघडल्या तर मधल्या सुट्टीत फाटकाशी जाऊन उभा. दोन वर्षं हे चाललं. तेराव्या वर्षी फरंगीस एकदा फाडकन म्हणाली, "बाबा, तुम्ही मला एकदाच विचारा. मी एकदाच सांगीन, पण खरं सांगीन. तुम्ही असे विचारत बसलात की मलाच वाटायला लागतं मी आजारी आहे." त्या दिवसापासून बापाने एकदाच विचारायचं ठरवलं. मात्र हातातलं काम ठेवून, तिच्या तोंडाकडे बघून विचारतो. पाव बांधता बांधता नाही. मला म्हणाला, "धर्मा, हे मला वीस वर्षांपूर्वी कोणी शिकवायला हवं होतं." मी मान हलवली.

मधे वर्षश्राद्धासारखं त्यांचं काहीतरी होतं, तेव्हा मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं होतं. पुन्हा तेच. "नाही रे, तू का एवढं लावून घेतोस?" आणि मावा केक पुढ्यात. दोनदा झालं. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती होईना. बत्तीस वर्षं भरल्या गाडीत गर्दी तुडवत तिकिटं विचारली मी, पण हे एक विचारता येईना. रोज सकाळी जायचो, बाकड्यावर बसायचो, हवापाण्याचं बोलायचो. त्याच्या हसण्यात काही वेगळं दिसतं का ते बघत राहायचो. ही शिक्षाच होती, आणि ती तो देत होता की मीच घेत होतो ते कळत नव्हतं.

यंदा फरंगीसची दहावी झाली. एप्रिलातली दुपार, ती गल्ल्यावर, शहरियार खारी बरणीत भरत होता. तिला पुढं पुण्याला शिकायचंय हे मला काशीकडून कळलं होतं. आणि जित्याची खोड, मी पुन्हा तोंड उघडलं. "पाठव रे पोरीला पुण्याला. घाबरतोस काय? मोठी झाली ती आता."

शहरियार हसला. "बघू या. तू म्हणतोस तर विचार करू."

फरंगीसने पेन खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता. म्हणाली, "धर्माकाका, बाबांना सल्ला देऊ नका. तुम्ही सल्ला दिलात की बाबा त्या दिवशी जेवत नाहीत. दादाच्या वेळेपासून. बाबांचा राग आहे तुमच्यावर. मामानजवळ, आईजवळ बोलतात, तुमच्याजवळ बोलत नाहीत."

मला वाटलं आता शहरियार तिला ओरडणार. घरी आलेल्या माणसाला असं बोलतात? पाच वर्षांपूर्वी ओरडलाच असता. तो खारीची बरणी धरून उभा राहिला. मी म्हटलं, "शहरियार, पोरगी म्हणते ते खरं आहे का रे?"

त्याने बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "हो, धर्मा."

बरणी फळीवर ठेवून पुढं म्हणाला, "खूप राग आहे. तू इथं बसलास की मला तो बुधवार दिसतो. किती वेळा वाटलं, तुला सांगावं, उद्यापासून येऊ नको. फोन माझ्याच हातात होता, खिशात मीच ठेवला, हे मला कळतं. तो राग वेगळा आहे, तो माझा मी बघतो. पण तू बोलला नसतास तर मी विचारलं असतं. तो हो म्हणाला असता."

पाच वर्षं मला हेच ऐकायचं होतं ना? ऐकलं. काय सांगू तुम्हाला, छातीवर लाथ बसावी तसं झालं. मी "बरं" म्हणालो आणि उठलो. पावाची पुडी तिथंच राहिली. घरी येऊन काशीला सांगितलं. ती म्हणाली, "त्याचं चुकलं काय?" आणि मग स्वतःच डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काशीने भाकऱ्या केल्या, मी मुकाट खाल्ल्या. मनाशी ठरवलं, झालं, संपलं, तीस वर्षांची दोस्ती. त्याने खरं सांगितलं, आता आपण त्याच्या डोळ्यांसमोर जाऊ नये.

चौथ्या दिवशी सकाळी फरंगीस दारात उभी. चप्पल न काढताच म्हणाली, "बाबांनी निरोप दिलाय. जसा सांगितला तसा सांगते. राग आहे, तो जाणार नाही, पण धर्माने यावं."

माझ्या तोंडावर आलं होतं, असं खरंच म्हणाला का? पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. सदरा चढवला आणि तिच्यामागून चालू लागलो.

शहरियार भट्टीसमोर होता. मला बघून हातातलं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं, माझ्याजवळ येऊन बाकड्यावर बसला, आणि अर्दशीरचं नाव घेऊन मोठमोठ्याने रडायला लागला. मी त्याला उगी केलं नाही.